तुपाची वाट

गेल्या वर्षी द्राक्षांची खरड छाटणी उरकली त्या आठवड्यात माझ्या थोरल्या भावाच्या अंगाला खाज सुटू लागली. औषध मारताना काही अंगावर उडाले असेल, असे आम्ही समजलो. मग डोळे पिवळे झाले, लघवी चहासारखी आणि शौचाचा रंग मातकट पांढरा. पोटात दुखत नव्हते, ताप नव्हता. गावात काविळीचे झाडपाल्याचे औषध देणारे एक घर आहे, तिथे तीन गुरुवार गेले. चौथ्या आठवड्यात नाशिकला सोनोग्राफी झाली, नंतर दुर्बीण घातली, आणि पित्तनलिका आतड्यात उघडते नेमक्या त्या तोंडाशी गाठ असल्याचे कळले. वेळेत सापडली, असे डॉक्टर म्हणाले. दुखणे नसलेली कावीळ हीच खरी धोक्याची, हे आम्हाला तेव्हा कळले. वाचकांना आधीच कळावे म्हणून सुरुवातीलाच लिहून ठेवतो.

दादांचे वय एकाहत्तर. पिंपळगाव बसवंतला महामार्गापासून दीड कोसावर आमची जमीन. तीन एकर बाग, बाकी टोमॅटो आणि कांदा. मी रसायनशास्त्र शिकवत नोकरी संपवली, म्हणून दादा मला 'मास्तर' म्हणतात, आणि त्या हाकेत थोडी थट्टा असते. ते विसाव्या वर्षापासून माळकरी. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वर चुकले नाही, आणि निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर पंढरपूरही अनेकदा झाले.

त्यांच्यावर जी शस्त्रक्रिया झाली तिला न्यूयॉर्कच्या ॲलन व्हिपल या शल्यचिकित्सकाचे नाव आहे. त्याने १९३५ मध्ये ती प्रसिद्ध केली, पण त्याआधी बर्लिनच्या वाल्थर काउश यानेही तसा प्रयोग केला होता. तिच्यात स्वादुपिंडाचे डोके, आद्यांत्र म्हणजे जठराला लागून असलेला लहान आतड्याचा पहिला वीतभराचा वळसा, पित्ताशय, पित्तनलिकेचा खालचा भाग आणि बहुतेक वेळा जठराचे टोक, एवढे सगळे काढावे लागते. या सगळ्यांचे रक्त आणि वाटा एकमेकांत इतक्या गुंतलेल्या असतात की गाठ बोराएवढी असली तरी काढायचा असतो सगळा चौकच. मग उरलेले स्वादुपिंड, उरलेली पित्तनलिका आणि जठर हे तिन्ही पुढच्या आतड्याला तीन ठिकाणी शिवतात. दादांना टेबलावर सहा तास ठेवले होते.

शस्त्रक्रिया पार पडली, जखम भरली, कावीळ उतरली. पाहुणे येऊन नारळ-साखर ठेवून गेले. आणि त्यानंतर दादा वाळायला लागले.

जेवत नव्हते असे नाही. दोन वेळा जेवत, पण दिवसातून चार-पाचदा शौचाला जात. या विषयावर दिवाळी अंकात लिहू नये असा संकेत असेल तर तो मोडतो, कारण सारी गोष्ट तिथेच कळते. मळ फिकट, चिकट, विलक्षण दुर्गंधीचा. पाणी ओतले तरी भांड्याला धरून राहणारा. आणि वर तेलाचा तवंग. वहिनींनी तो पाहिला आणि त्यांना एकच अर्थ लागला: तेल-तूप पचत नाही, तर ते बंद. घरात सगळ्यांना हे पटले. पाहुण्यांनाही पटले. वरण-भात, पातळ खिचडी, फुलके, सगळे कोरडे. सत्तरीच्या माणसाला भाकरीवर तेलाची धार मिळेना. वजन चौसष्ट किलोवरून चौपन्नवर आले.

या समजुतीत दादांचे दोन महिने गेले, म्हणून तिच्यावर थोडे थांबतो.

तूप पोटात गेल्यावर पचते कसे? पहिली अडचण अशी की तूप पाण्यात मिसळत नाही आणि आतड्यातला सगळा कारभार पाण्यात चालतो. दादांना मी हे समजावू लागलो तेव्हा त्यांनी मला मध्येच थांबवले. "मास्तर, टाकीत ईसी ओततो तेव्हा पाणी दुधासारखं पांढरं होतं. तसंच ना?" अगदी तसेच. डब्यावर 'ईसी' लिहिलेल्या कीटकनाशकात तेलकट द्रव्याबरोबर ते पाण्यात फोडणारा पदार्थ आधीच घातलेला असतो. निंबोळी तेल फवारताना आपण साबणाचे पाणी घालतो तेही त्यासाठीच. शरीरात हे काम पित्त करते. पित्त म्हणजे मराठी माणूस ज्याला 'पित्त झालं' म्हणतो ते आंबट पाणी नव्हे. ते जठरातले आम्ल असते. खरे पित्त कडू, हिरवट-पिवळे, यकृतात तयार होणारे. त्यातले पित्तक्षार एका अंगाने तेलाला धरतात आणि दुसऱ्या अंगाने पाण्याला, आणि तुपाच्या गोळ्याचे लाखो सूक्ष्म थेंब होतात.

पण थेंब बारीक झाला म्हणजे तूप पचले असे नाही. स्निग्ध पदार्थाचा रेणू म्हणजे ग्लिसरॉलच्या एका खुंटीला बांधलेल्या मेदाम्लांच्या तीन लांब दोऱ्या. स्वादुपिंडातून येणारे लायपेज हे एन्झाइम त्यांतल्या कडेच्या दोन तोडते. तुटलेले तुकडे पित्तक्षारांच्या कवचात बसून आतड्याच्या भिंतीपर्यंत जातात, आत शिरतात, आणि शरीराची गंमत अशी की आत गेल्यावर ते पुन्हा जोडले जातात! इतकी तोडफोड फक्त उंबरा ओलांडण्यापुरती. पुढे त्यांना प्रथिनांचे वेष्टन चढते. पण हे गाठोडे केशवाहिनीत शिरायला फार मोठे असते. म्हणून साखर आणि प्रथिने रक्तातून थेट यकृताकडे जातात, तर तूप लसीकावाहिन्यांच्या आडवाटेने छातीतून वर चढते आणि डाव्या खांद्याजवळ मानेच्या बुडाशी शिरेत उतरते. मिलानच्या गास्पारे आसेल्ली याने १६२२ मध्ये नुकत्याच जेवलेल्या कुत्र्याचे पोट उघडले तेव्हा आतड्याच्या पडद्यावर पांढऱ्या दोऱ्या दिसल्या. एक कापली, तर दुधासारखा द्रव आला. ती हीच वाट.

यात स्वादुपिंडाचा हात किती, हे सव्वादोनशे वर्षांनी फ्रान्सच्या क्लोद बर्नार याने दाखवले. सशात पित्तनलिका आतड्यात वरच उघडते आणि स्वादुपिंडाची नलिका सुमारे फूटभर खाली. स्निग्ध आहार दिलेल्या सशांत त्याला असे दिसले की पांढऱ्या दोऱ्या पित्त मिळते तिथून सुरू होत नाहीत. स्वादुपिंडाचा रस मिळाल्यावरच होतात. निसर्गाने प्रयोग मांडून ठेवला होता, बर्नारने तो फक्त वाचला. विज्ञानाच्या इतिहासात मला आवडणारी ही जागा आहे. वर्गात ती शिकवायला कधी वेळ मिळाला नाही.

आता दादांच्या पोटात काय झाले होते? पित्त येत होते. स्वादुपिंडाचे धड आणि शेपूट शिल्लक होते, त्यामुळे थोडे लायपेजही येत होते. पण आद्यांत्र गेले होते, आणि आद्यांत्र म्हणजे नुसती नळी नाही. अन्न आले की ते रक्तातून निरोप धाडते: स्वादुपिंडा, रस सोड, पित्ताशया, आकस. बेलिस आणि स्टार्लिंग यांना १९०२ मध्ये लंडनमध्ये असा पहिला निरोप्या सापडला तो लहान आतड्याच्या वरच्या भागात, आणि त्यावरूनच पुढे स्टार्लिंगने 'हार्मोन' हा शब्द रूढ केला. आयुर्वेदात या जागेचे नाव ग्रहणी: कच्चे अन्न धरून ठेवणारी आणि पक्व झाल्यावर पुढे सोडणारी. आपला 'संग्रहणी' हा शब्द तिथलाच. दादांची ही धरणारी जागाच काढली होती. अन्न पुढे निघून जाई आणि रस मागाहून येई. ट्रॅक्टर आवारात येऊन रिकामा झाला आणि लिलाव पुकारणारा तासाभराने उगवला, तर मालाचे जे होईल ते.

स्वादुपिंडाची राखीव ताकद फार मोठी असते. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डायमॅग्नो आणि सहकाऱ्यांनी मोजले की लायपेजचे उत्पादन दहा टक्क्यांच्या खाली गेल्याशिवाय मळात तेल दिसू लागत नाही. दिसले तर भांडवल जवळपास संपले असे समजायचे. निरोगी माणूस दिवसाला शंभर ग्रॅम स्निग्ध खाऊन सात ग्रॅमही वाया घालवत नाही. दादा पन्नास-साठ ग्रॅम खात असतील आणि त्यातले निम्मे जात असेल तर रोज अडीचशेच्या आसपास कॅलरी, म्हणजे दीड भाकरी भांड्यात. यावर घरच्यांचा उपाय म्हणजे उरलेले निम्मेही ताटातून काढणे! तवंग कमी झाला, तसे सगळ्यांना वाटले की गुण येतोय. पण ग्रॅममागे नऊ कॅलरी देणारा पदार्थ काढून चार देणाऱ्यावर माणूस ठेवला, आणि त्यालाही पोटात जागा थोडीच उरलेली, तर तो वाळणारच. शिवाय अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे तेलाच्याच गाडीतून येतात. दादांना दिवेलागणीनंतर गोठ्यातली दावण दिसेना, आणि दाढी करताना लागलेले रक्त थांबेना. पहिले अ, दुसरे के. हे मला रसायनशास्त्र येत असूनही सुचले नाही, डॉक्टरांनी विचारल्यावर सुचले.

आज तज्ज्ञ सांगतात ते याच्या उलट आहे. तेल-तूप तोडू नका. जेवढे स्निग्ध तेवढे लायपेज बाहेरून द्या. मुख्य जेवणाला चाळीस ते पन्नास हजार युनिट, मधल्या खाण्याला त्याच्या निम्मे, आणि गरजेप्रमाणे वाढ. जेवणाआधी नाही, नंतर नाही. पहिल्या घासाबरोबर, आणि जेवण लांबले तर मध्ये पुन्हा. कॅप्सूलमधले बारीक दाणे चावायचे नाहीत, कारण त्यांच्यावरचे वेष्टन त्यांना जठराच्या आम्लातून सुखरूप पार नेते. दादांना हे सुरू झाले आणि पंधरा दिवसांत शौच दोनवर आले. वजन काटा वर सरकू लागला.

डब्यातला कागद मी पहिल्याच दिवशी वाचला होता. त्यात 'पोर्साइन' हा शब्द होता. पँक्रिएटिन डुकराच्या स्वादुपिंडापासून काढतात. बैलाच्या स्वादुपिंडात लायपेज कमी, डुकराचे माणसाच्या जवळचे. बुरशीपासून आणि जंतूंपासून लायपेज करण्याचे प्रयत्न झाले आहेत, आणि आपल्याकडच्या पाचक औषधांत बुरशीचे डायस्टेज असतेही. पण ते मुख्यतः पिष्टासाठी, आणि दादांसारख्याला पुरे पडणारा पर्याय आमच्या डॉक्टरांकडे नव्हता. अन्नाच्या पाकिटावर हिरवा ठिपका असतो तसा या डब्यावर काही नव्हता. मी तो कागद घडी करून पाकिटात ठेवला आणि कोणाला बोललो नाही.

माझी स्वतःशी बाजू अशी होती: कॅप्सूलचे कवच बहुधा जिलेटिनचे, म्हणजे जनावराच्या हाडा-कातड्याचे, ते दादा वर्षानुवर्षे घेत आले आहेत. शस्त्रक्रियेनंतर रक्त गोठू नये म्हणून टोचतात ते हेपारिन डुकराच्या आतड्यातून येते. १९८० च्या दशकात मानवी इन्शुलिन येईपर्यंत आमच्या आईसकट कितीतरी घरांतल्या म्हाताऱ्यांनी गाई-डुकरांचे इन्शुलिन घेतले. न सांगता सगळे चालले होते. मग हेही चालेल. बाजू तशी वाईट नाही, पण ती मी दादांपुढे मांडली नव्हती, स्वतःपुढेच मांडली होती.

श्रावणात दादांची नात घरी आली. ती नाशिकला बी. फार्म. करते. आजोबांना गोळ्या-औषधे लावून देताना तिने डबा हातात घेतला आणि अगदी सहज, अभ्यासातले आठवल्यासारखे, मोठ्याने सांगून टाकले. दादांनी तोंडातला घास गिळला, पाणी प्यायले आणि माझ्याकडे पाहिले.

"मास्तर, तुला ठाऊक होतं?"

मी हो म्हणालो. पुढचे चाळीस दिवस ते माझ्याशी औषधाबद्दल बोलले नाहीत. कॅप्सूल बंद. वजन साडेतीन किलो उतरले.

मध्यंतरी वहिनींनी नारळाचे तेल आणले. शेजारच्या कोणी सांगितले होते की ते पित्ताशिवाय पचते. यात अर्धे खरे आहे. ज्या मेदाम्लांची साखळी आठ किंवा दहा कार्बनची असते ती पित्त-लायपेजच्या फारशा मदतीविना आतड्यातून थेट रक्तात जातात. दवाखान्यात 'एमसीटी' नावाने देतात ते तेल त्यांचेच. पण नारळाच्या तेलात अशी मेदाम्ले साधारण सातवा हिस्सा. जवळपास निम्मे असते ते बारा कार्बनचे लॉरिक आम्ल, आणि त्यातले बरेचसे लांब वाटेनेच जाते. कोकणातल्या माणसाला नारळतेलाची आमटी गोड लागते, आमच्या घरात तिचा वास कोणाला सोसला नाही. बाटली अजून फडताळात आहे.

दादा ओळखीच्या कीर्तनकार महाराजांकडे गेले. महाराजांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, औषध हे अन्न नव्हे, बिनघोर घ्या. मला वाटले, सुटलो. परतताना गाडीत दादा म्हणाले, "महाराजांचं बरोबर आहे. पण औषध जेवणाआधी घेतात नाहीतर नंतर. हे मी घासाबरोबर घेतो. घासाबरोबर जे खातो त्याला अन्नच म्हणायचं."

माझ्याकडे याला उत्तर नव्हते. रसायनशास्त्राच्या बाजूनेही तेच बरोबर आहे: हे एन्झाइम रक्तात जाऊन गुण देत नाही, ते ताटातल्या तुपावरच काम करते आणि अन्नाबरोबर पुढे जाते. आणि हिशेब आणखी विचित्र होता. एकादशीला आमच्याकडे काय असते? साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचे कूट, वर तूप. शेंगदाण्याची आमटी, भगर. आठवड्यातले सर्वांत स्निग्ध जेवण उपवासाचे. म्हणजे कॅप्सूल सर्वांत जास्त लागणार ती एकादशीला.

बाजार समितीत टोमॅटोच्या हंगामात आडतीवर बसणारे आमचे एक स्नेही त्या दिवसांत भेटायला आले. त्यांनाही तेलकट शौच होते, म्हणून दादांनी आपल्या कॅप्सूल त्यांना देऊ केल्या. तेव्हा मला मध्ये पडावे लागले, कारण लक्षण एक असले तरी रोग दुसरा होता. त्यांना आतड्याचा क्षय होऊन अडथळा झाला होता आणि लहान आतड्याचे शेवटचे मीटरभराहून जास्त काढले होते. (माधवराव पेशव्यांना १७७२ मध्ये थेऊरला नेणारा क्षय आतड्याचाच होता असे सांगतात. आज तो औषधांनी बरा होतो, पण मागे ठेवलेले आकुंचन कधी कधी कापावे लागते.) स्वादुपिंड त्यांचे ठणठणीत. कमतरता पित्तक्षारांची. शरीराजवळ पित्तक्षार फक्त तीनेक ग्रॅम असतात, पण तेच दिवसातून सहा ते दहा फेऱ्या मारतात. आतड्याचे शेवटचे टोक त्यातले पंचाण्णव टक्के गोळा करून यकृताकडे परत पाठवते. व्यापाऱ्याला हे समजावणे सोपे गेले: भांडवल थोडे, पण फिरते. वसुली करणारे टोक थोडे कापले, मीटरभराच्या आत, तर यकृत तूट भरून काढते, फक्त निसटलेले क्षार मोठ्या आतड्याला चाळवतात आणि पाण्यासारखे जुलाब होतात. तिथे क्षार बांधून टाकणारी कोलेस्टायरामिनची पूड लागू पडते. मीटरभरापेक्षा जास्त गेले तर यकृत पुरे पडत नाही, मळात तेल येते, आणि तीच पूड मग उरलेसुरले क्षारही बांधून हाल वाढवू शकते. त्यांना मूतखडाही झाला होता आणि कोणीतरी दूध सोडायला सांगितले होते. खरे तर न पचलेली मेदाम्ले आतड्यातले कॅल्शियम अडवून धरतात, त्यामुळे मोकळे राहिलेले ऑक्झलेट रक्तात शिरते आणि मूत्रपिंडात खडा धरते. अशा माणसाला जेवणाबरोबर कॅल्शियम लागते. आणि ब-१२ ची सुई जन्मभर, कारण ते शोषणारी जागा तीच होती. दादा हे सगळे ऐकत होते. स्नेही गेल्यावर म्हणाले, "त्याचं बरं आहे. त्याला पूड चालते."

पितृपक्षात एका सकाळी दादांनी आंघोळ करून देवापुढे बसून माळ उतरवली. देवघराच्या खुंटीला अडकवली. वहिनी रडल्या. दादा म्हणाले, खोटी माळ घालून खरी गोळी घेण्यापेक्षा हे बरे; विठोबाला फसवायचे वय राहिले नाही. त्या दुपारी त्यांनी कॅप्सूल मागितली. ती मी दिली. मला अजूनही वाटते की महाराजांचे ऐकले असते तर चालले असते. आणि हेही वाटते की मी पहिल्या दिवशी तो कागद त्यांच्या हातात दिला असता, तर निर्णय हाच झाला असता. फक्त तो त्यांनी चाळीस दिवस उपाशी राहून घेतला नसता.

आता वजन अठ्ठावन्न आहे. अ आणि ड जीवनसत्त्व सुरू आहे, दावण पुन्हा दिसते. साखर थोडी वर गेली आहे. स्वादुपिंड कापल्यावर तेही होते, त्यावर लक्ष ठेवायचे आहे. गोडी छाटणी झाली, बागेत डाऊनीची फवारणी चालू आहे आणि घरात फराळ. काल वहिनींनी चकल्या तळायला घेतल्या. दादा ओसरीवर वही घेऊन बसले होते.

"मास्तर, एका चकलीला किती युनिट?"

चकली किती तेल पिते यावर ते अवलंबून आहे, असे मी म्हणालो. मग आम्ही घाणा काढण्याआधी आणि काढल्यानंतर कढईतले तेल मोजले, पातेल्यावर खडूने रेघ मारून. करंजीचे मोजणे आज आहे.